डाव्या कुंपणामागची चाके

अमेरिकेच्या दक्षिण भागातील मिसिसिपी राज्यात स्टार्कव्हिल हे पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचे गाव असून तेथील मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या बेसबॉल संघाचे घरचे मैदान डूडी नोबल फील्ड या नावाने ओळखले जाते. याच विद्यापीठात खेळाडू, प्रशिक्षक आणि क्रीडासंचालक राहिलेल्या नोबल यांच्या नावाच्या या मैदानावर १९६७ पासून सामने होत आले आहेत. रॉन पोक यांच्या प्रदीर्घ प्रशिक्षणकाळात, १९८०च्या दशकात, विल क्लार्क आणि राफाएल पाल्मेरो हे पुढे व्यावसायिक बेसबॉलमध्ये नावाजलेले फलंदाज येथेच घडले. मैदानाची ख्याती मात्र ज्या जागेमुळे सर्वदूर पसरली, ती जागा कुंपणापलीकडे आहे.

बेसबॉलचे मैदान पंख्यासारखे उघडत जाते: टोकाशी फलंदाज उभा राहतो ती होम प्लेट, तिच्यापुढे ९० फूट बाजूंचा चौकोन, आणि त्यापुढे कुंपणापर्यंत पसरलेली हिरवळ, जिला आउटफील्ड म्हणतात. यातील फलंदाजाच्या डाव्या हाताचा भाग म्हणजे लेफ्ट फील्ड. १९६०च्या दशकाच्या अखेरीस काही विद्यार्थ्यांनी याच बाजूच्या कुंपणाला पाठ टेकवून आपले पिकअप ट्रक लावले आणि हौद्यात बसून सामने पाहण्यास आरंभ केला. त्या रांगेला कालांतराने लेफ्ट फील्ड लाउंज हे नाव पडले.

हौद्यात बसणाऱ्याला पुढच्याच्या डोक्यामुळे खेळ दिसेना, तेव्हा हौद्यावर फळ्या ठोकून पायऱ्यापायऱ्यांची बैठक उभी राहिली, आणि उन्हापावसासाठी वर छप्पर आले. इंजिन कधीच निकामी झालेले ट्रक आणि ट्रेलर यांच्या सांगाड्यांवर असे मजले चढवले जात आणि त्यांना ‘रिग’ म्हणत. रिगखाली किंवा शेजारी शेगडी पेटलेली असे. तिच्यावर डुकराच्या बरगड्या आणि सॉसेज भाजले जात, मोठ्या पातेल्यात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातील शेवंड्यासारखा जीव, मसाल्यात उकळत असे, आणि वारा फिरला की तो धूर कुंपण ओलांडून थेट लेफ्ट फील्डमध्ये उभ्या असलेल्या पाहुण्या संघाच्या क्षेत्ररक्षकापर्यंत जाई. कोणत्याही वास्तुविशारदाने न आखलेली ही प्रेक्षागृहाची रचना गरजेतून, हातोडा आणि खिळ्यांच्या बळावर साकारली, आणि तिच्या बांधणीतील कल्पकता मोठमोठ्या स्टेडियमांच्या तोडीची मानावी लागते. पुढे विद्यापीठाने जागा क्रमवार वाटून परवाना पद्धत लागू केली, तरी प्रत्येक रिगवर तिच्या मालकांच्या हातचा ठसा कायम राहिला.

प्रेक्षकसंख्येचे आकडे या मैदानाविषयीच्या आपुलकीची साक्ष देतात. २०१४ मध्ये राज्यातीलच ओल मिस या प्रतिस्पर्धी विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यास १५,५८६ प्रेक्षक उपस्थित होते, आणि २०२३ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ही संख्या १६,४२३ झाली. विद्यापीठाच्या आवारातील बेसबॉल सामन्यासाठी हे दोन्ही त्या त्या वेळचे उच्चांक होते. दरम्यान २०२१ मध्ये ओमाहा येथे राष्ट्रीय स्पर्धेच्या निर्णायक सामन्यात व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा ९–० असा पराभव करून संघाने विजेतेपद मिळवले, आणि विद्यापीठाच्या इतिहासातील कोणत्याही सांघिक खेळातील ते पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद ठरले.

या दोन उच्चांकांच्या मध्ये मैदानाचे रूप पालटले. सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर खर्चून झालेली पुनर्बांधणी २०१९ च्या हंगामापर्यंत पूर्ण झाली, डाव्या बाजूस राहण्याच्या सदनिकाही उभ्या राहिल्या, आणि जुन्या रिगच्या जागी एकसारख्या धाटणीचे कायमस्वरूपी मंच आले. गंजलेल्या सांगाड्यांवर शेकडो माणसे चढवण्यातील धोका पाहता हा बदल टाळता येण्याजोगा नव्हता, हे मान्य करावे लागते. शेगड्या अजून पेटतात, कुटुंबे अजून जमतात. परंतु चाके गेली, आणि चाकांबरोबर बैठक स्वतःच्या हाताने रचण्याची मोकळीकही गेली.

कुंपणाच्या आतही बदल झाले आहेत: २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना एकदा विद्यापीठ बदलल्यास सक्तीने एक वर्ष बाहेर बसावे लागत नाही, पुढे हे नियम आणखी सैल झाले, आणि खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या जाहिरातीतून कमाईही करता येऊ लागली. खेळाडूंच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे, पण परिणामी संघ दरवर्षी बराचसा नवा असतो, आणि वर्षानुवर्षे तेच चेहरे दिसतात ते कुंपणामागे. त्या चेहऱ्यांत पुढील पिढी कोठून येणार, हा प्रश्न म्हणूनच गंभीर आहे, कारण ज्या विद्यार्थ्याजवळ एक जुना पिकअप आणि चार मित्र यांखेरीज काही नाही, त्याला आज तो ट्रक मागे घेत डाव्या कुंपणापर्यंत नेता येत नाही.