दुकान एक, संगणक पाच, वही मात्र एकच!

आपण एका घाऊक औषधविक्रेत्याच्या दुकानाची कल्पना करू. गल्ल्यावर एक संगणक, फोनवर मागण्या घेणाऱ्या मदतनिसापुढे दुसरा, हिशेबनिसाकडे तिसरा आणि मागे गोदामात दोन. प्रत्येकात साठ्याची आपापली यादी आहे. सकाळी एका औषधाची ४० खोकी होती. गल्ल्यावर १० विकली गेली. तेथील यादीत ३० उरली. फोनवर ५ विकली गेली. त्या यादीत ३५ उरली. आता सांगा पाहू, यांतील खरी यादी कोणती?

एकही नाही! गोदामात २५ खोकीच आहेत. संध्याकाळी एक यादी दुसरीवर उतरवली, तर कोणाच्या तरी दिवसभराच्या नोंदी पुसल्या जाणार. औषधाच्या बाबतीत ही चूक केवळ पैशांची राहत नाही. ‘आहे’ म्हणून सांगितलेले औषध ऐन वेळी मिळाले नाही, तर रुग्ण ताटकळतो.

सर्व्हर काय करतो?

यावर उपाय सोपा आहे : वही एकच ठेवायची. ती ज्या संगणकात ठेवतात त्याला सर्व्हर, म्हणजे सेवा पुरवणारा, असे म्हणतात. बाकीचे संगणक त्याच्याकडे फक्त मागणी नोंदवतात. तुमच्या ग्रंथालयात तुम्ही स्वतः कपाट उघडत नाही. चिठ्ठी देता आणि ग्रंथपाल पुस्तक काढून देतात. तसेच हे.

पण वही एका जागी ठेवून सगळे भागत नाही. दोघांनी एकाच क्षणी ‘४०’ हा आकडा वाचला आणि आपापली वजाबाकी करून परत लिहिला, तर चूक पुन्हा होईलच. म्हणून सर्व्हरवरील कार्यक्रम एकाची नोंद पूर्ण होईपर्यंत त्या ओळीला कुलूप घालतो. दुसऱ्याला क्षणभर थांबावे लागते. मग त्याला ४० नव्हे, ३० दिसतात. त्यातून ५ गेले की २५. हिशेब जुळला! शिवाय कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे, हेही सर्व्हरवर ठरवून देता येते. गोदामातील माणसाला साठा दिसावा, पण पगारपत्रक दिसण्याचे कारण नाही.

पिळाची करामत

हे संगणक जोडायचे कसे? प्रत्येकापासून एक केबल निघते आणि ‘स्विच’ नावाच्या पेटीत येते. सर्व्हरची केबलही तेथेच येते. माहितीचे छोटे छोटे तुकडे करून प्रत्येकावर पत्ता घालतात. तो पत्ता वाचून स्विच तुकडा नेमक्या संगणकाकडे धाडतो.

या पद्धतीचे नाव ‘ईथरनेट’. १९७३ मध्ये अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ती सुचवली. प्रकाशलहरींचे माध्यम म्हणून पूर्वी ज्या ‘ईथर’ची कल्पना केली होती, त्यावरून हे नाव आले. मायकेलसन आणि मोर्ले यांच्या १८८७ च्या प्रयोगात त्या ईथरचा मागमूस लागला नाही. नावाने मात्र तो आजही दुकानादुकानांत नांदतो आहे!

केबलचा तुकडा सोलून पाहिलात, तर आत आठ तारा दिसतील. त्या दोन-दोनच्या जोड्यांनी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पिळ कशासाठी? शेजारच्या पंख्याच्या किंवा पंपाच्या मोटारीमुळे बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि फॅरडेच्या नियमानुसार तारांत नको असलेला विद्युतदाब प्रवर्तित होतो. पिळामुळे लागोपाठच्या वेढ्यांतील हा दाब उलटसुलट दिशांचा होतो आणि बहुतांशी रद्द होतो. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी हीच युक्ती योजली होती.

अशी एक जोडणी १०० मीटरपेक्षा लांब नसावी, असा दंडक आहे. कारण अंतराबरोबर संकेत क्षीण होत जातो. गोदाम त्याहून दूर असेल, तर मध्ये आणखी एक स्विच बसवतात.

एकाच टोपलीतील अंडी

आता मुख्य मुद्दा. वही एकच झाली, म्हणजे धोकाही एकाच जागी गोळा झाला. वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली नोंद बिघडू शकते. म्हणून सर्व्हरला बॅटरीवर चालणारा यूपीएस जोडतात. त्याचे काम दिवसभर वीज पुरवण्याचे नव्हे, तर सर्व्हर रीतसर बंद करण्यापुरती उसंत देण्याचे. एक डिस्क नादुरुस्त होईल म्हणून दोन डिस्कवर एकदमच लिहितात. पण कोणी चुकून यादी पुसली, तर दोन्ही डिस्क ती आज्ञा तितक्याच तत्परतेने पाळतात!

म्हणून जुन्या तारखांच्या प्रती वेगळ्या काढून ठेवाव्या लागतात. त्या ठेवायच्या कोठे? सर्व्हरशेजारच्या कपाटात मुळीच नव्हे. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरले. असे पाणी सर्व्हर आणि कपाट असा भेद करत नाही. जाणकारांचा नियम असा : एकूण प्रती तीन, त्या दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी किमान एक दुसऱ्या जागी. शिवाय त्या प्रतीवरून माहिती खरोखर परत मिळते का, हे अधूनमधून करून पाहिले पाहिजे. न तपासलेली प्रत ही केवळ आशा आहे.

करून पाहा

केबलमधून संकेत सेकंदाला सुमारे २० कोटी मीटर वेगाने जातो. १०० मीटर जायला त्याला किती वेळ लागेल? (उत्तर : सेकंदाचा २० लाखावा भाग.) मग शिक्षकांच्या परवानगीने शाळेच्या संगणक-कक्षातील स्विच शोधा आणि त्यात किती केबल आल्या आहेत ते मोजा. शेवटी एक प्रश्न जरूर विचारा : “सर, आपल्या गुणपत्रकांची दुसरी प्रत कोठे असते?” उत्तर लगेच मिळाले, तर उत्तम. नाही मिळाले, तर तुमच्या प्रश्नामुळे शाळेचे एक मोठे काम झाले असे समजा.