बंड्याऽऽ, जेवायला चल!

दिवेलागणीला आमच्या आळीतल्या शेवटच्या घरातली आजी ओट्यावर येते, कमरेवर हात ठेवते आणि हाक मारते, “बंड्याऽऽ, जेवायला चल!” त्यासरशी दोघं धावत सुटतात. एक चौथीत आहे. दुसऱ्याला शेपूट आहे. शेपूटवाला बहुतेक वेळा आधी पोचतो, कारण त्याला चपला शोधाव्या लागत नाहीत.

मी एकदा विचारलं, “आजी, नक्की कुणाला बोलावता हो?”

“ज्याला भूक लागली असेल तो येईल की!”

चौथीतल्या बंड्याचं शाळेतलं नाव श्रीनिवास. हजेरी घेताना बाई तेच घेतात. पण कुत्र्याला कुणी “श्रीनिवास, यू यू” करील का? कागदावरची नावं सहसा माणसांचीच राहतात. प्राण्यांशी वाटून घेतो ती हाकेची नावं.

हाकेचं नाव बनवायला मराठीत एक मस्त यंत्र आहे. यंत्राचं नाव ‘या’. त्यात गणेश टाका, गण्या बाहेर पडतो. दिनेशचा दिन्या, प्रकाशचा पक्या. आता त्याच यंत्रात वाघ टाका, वाघ्या निघतो. मोतीचा मोत्या, काळ्याभोर पिल्लाचा काळ्या. बैलाचा रंग पांढरा, म्हणजे ढवळा? झाला ढवळ्या! यंत्र काही विचारत नाही की आत घातलेल्याला पाय किती आहेत. मुलींसाठी दुसरं यंत्र आहे, ‘ई’चं. सुमनची सुमी, मंगलची मंगी, मनीषाची मनी. आणि मनी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे कोण आलं? मिशीवाली ना?

(हे यंत्र जपून वापरायचं बरं का. मित्राला ‘दिन्या’ म्हटलं तर चालतं. दिनेश सरांना म्हणून बघा!)

पण नाव असं तोडून-मोडून आखूड का करायचं? मैदानाच्या एका टोकाला उभे राहा आणि दुसऱ्या टोकाच्या मित्राला “श्रीनिवास” अशी हाक मारून बघा. शेवटचा ‘स’ वाटेतच विरून जातो. स, फ, त यांच्या आवाजात फारसा जोर नसतो. आ आणि ई मात्र दणकट स्वर. तोंड उघडलं की श्वास संपेपर्यंत ते ताणता येतात आणि लांबवर पोचतात. म्हणून बंड्याऽऽ, मोत्याऽऽ, मनीऽऽ! रानात गुरांना हाक मारणाऱ्या गुराख्याला हे न शिकवता कळलेलं असतं.

आता माझं सगळ्यात आवडतं नाव सांगतो, खंड्या. खंडेराव नावाच्या मुलाला घरी खंड्या म्हणतात. कित्येक कुत्र्यांचं नावही खंड्या असतं. आणि तळ्याकाठच्या तारेवर बसून माशावर झडप घालणारा तो निळा, लांब चोचीचा पक्षी? तोही खंड्याच. वाघ्याचंही तसंच. गल्लीत शेपूट हलवणारा वाघ्या तुम्हाला माहीत आहे, पण जेजुरीला गेलात तर तिथे अंगाला भंडारा लावलेले, खंडोबाची गाणी म्हणणारे वाघ्ये भेटतील. ती माणसं असतात, खंडोबाचे भक्त.

उलटा प्रवासही होतो. प्राण्यापक्ष्यांची नावं माणसं उचलतात. मैनाबाई, कोकिळा ही नावं तुमच्या आजीच्या मैत्रिणींत नि भावंडांत नक्की सापडतील. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या महाराणीचं नाव होतं चिमणाबाई. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावात पाणी खेळवणाऱ्या पोपटराव पवारांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. पोपट असून राव!

आणि टॉमी? हे नाव ऐकलं की आपण कुत्राच शोधतो. पण इंग्लंडमध्ये टॉमी म्हणजे थॉमस नावाच्या मुलाचं घरातलं नाव, आपल्या गण्यासारखंच. तिकडचा एखादा टॉमी सुट्टीत आपल्या गावात आला आणि कुणी “टॉमी, छू!” म्हणालं, तर बिचाऱ्याला काय वाटेल?

बरं, आपण नाव ठेवलं, पण प्राण्याला ते कळतं का? कुत्रा धावत येतो, त्यामुळे त्याच्याबद्दल शंका नाही. मांजर मात्र ढिम्म. जपानमधल्या आत्सुको साइतो या संशोधक बाईंनी घरोघरच्या आणि एका मांजर-कॅफेतल्या मांजरांवर प्रयोग केले. ते 2019 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी मांजराला आधी चार साधे शब्द ऐकवले, त्याच्या नावाइतकेच लांब, त्याच ठेक्यातले. पहिल्या शब्दाला मांजर कान टवकारतं, पुढे पुढे कंटाळतं. मग पाचव्यांदा त्याचं नाव. लगेच कान हलले, मान वळली! अनोळखी माणसाच्या आवाजातही नाव ओळखू आलं. म्हणजे मनीला कळतं, फक्त ती येत नाही. मांजर-कॅफेतल्या मांजरांची मात्र फजिती झाली. स्वतःचं नाव आणि सोबतच्या मांजरांची नावं यांतला फरक त्यांना करता आला नाही. आपल्या बंड्यांसारखंच झालं की हे!

तरी ही सगळी नावं आपण दिलेली. एकमेकांना स्वतःच नाव ठेवणारे प्राणी आहेत का? डॉल्फिनची प्रत्येकाची वेगळी शीळ असते आणि दुसरा डॉल्फिन तिची नक्कल करून त्याला साद घालतो. केनियातल्या हत्तींची गोष्ट तर आणखी भारी. हत्ती खोल घुमणाऱ्या आवाजात बोलतात. त्यातला काही भाग इतका खर्जातला असतो की आपल्याला ऐकूच येत नाही. संशोधकांनी अशा 469 हाका संगणकाला दिल्या. हाक कोणत्या हत्तीला उद्देशून आहे, हे संगणकाने नुसत्या अंदाजाने साधलं असतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळा बरोबर ओळखलं. मग 17 हत्तींना मुद्रित हाका ऐकवल्या. स्वतःसाठीची हाक आली की ते पटकन त्या दिशेने निघत. हा शोध 2024 सालचा. हाकेतला नेमका कोणता तुकडा म्हणजे नाव, ते मात्र तेव्हा सुटं करता आलं नाही.

साइतोबाईंचा प्रयोग तुम्हालाही घरी जमेल. मांजर मनी असेल तर तिच्या मागे बसा आणि एकाच सुरात, मध्ये थोडं थांबत म्हणा: नदी, फणी, वही, कढी... मनी. हातात खाऊ नको, हसायचं नाही, आणि शेपटीकडे बघत बसू नका. कान बघा. काय झालं ते वहीत तारीख घालून लिहा आणि आम्हाला कळवा.