यंत्राचा पहारा

आपल्या समाजातील कित्येक तरुण आज पुण्यास, बंगळुरास संगणकाच्या प्रणाली लिहिण्याचे काम करितात. त्या कामात चुका कशा आवरल्या जातात, हे घरच्या मंडळींनाही समजण्यासारखे आहे.

मोठी प्रणाली एकटा मनुष्य लिहीत नाही. अनेक जण एकाच मूळ प्रतीत भर घालीत असतात. मात्र मूळ प्रतीस थेट हात कोणी लावीत नाही. प्रत्येक जण आपली दुरुस्ती निराळ्या प्रतीत करून ‘ही मूळ प्रतीत घ्यावी’ अशी विनंती करितो. हीच ‘पुल रिक्वेस्ट’. ती येताच एक कोरा संगणक आपोआप कामास लागतो आणि आधी लिहून ठेवलेल्या चाचण्या चालवितो. सर्व उतरल्या तर हिरवी खूण, एक जरी फसली तरी तांबडी. असे वरचेवर जोडीत व तपाशीत जाण्यास ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’ म्हणतात.

मराठीतलेच उदाहरण घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडविलेले देवनागरी टंक गूगलच्या विनामूल्य टंकसंग्रहात आहेत. त्या संग्रहात येणारे टंक ‘फॉन्ट बेकरी’ ही प्रणाली तपासते: नावे बरोबर आहेत काय, परवाना जोडला आहे काय, ओळीची उंची नियमात आहे काय. जोडाक्षराचे वळण डोळ्यांस गोड वाटते की नाही, हे मात्र माणसानेच पाहावयाचे.

ही व्यवस्था उभारणे अवघड नाही. ‘गिटहब’वर कामाच्या संग्रहात एक लहानशी फाइल ठेवावी, चाचण्या केव्हा व कोणत्या चालवावयाच्या, हे तीत लिहावे. आरंभी थोड्या व झटपट होणाऱ्या चाचण्या पुरेत. मग हिरवी खूण सक्तीची करावी, आणि त्यातून वरिष्ठांनाही सूट ठेवू नये. सक्ती नसेल तर तांबडी खूण हा केवळ सल्ला ठरतो, आणि घाईच्या वेळी सल्ला कोण ऐकतो?

भोपाळकरांस हे अधिक सांगणे नलगे. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात टाकी थंड ठेवणारे यंत्र होते, पण ते काही महिन्यांपूर्वीच बंद केलेले होते. वायू जाळणारा मनोरा होता, पण दुरुस्तीसाठी त्याची नळी काढलेली होती. संगणकातील चुकीची त्या अनर्थाशी तुलना नाही. पण पहारा असणे निराळे आणि तो जागा असणे निराळे, एवढे आपण कधी विसरू नये.