रॅम वाढवायची, पण आधी झाकण उघडा

संगणक हँग होतो म्हणजे रॅम कमी, हा समज निम्माच खरा आहे. महाडच्या बाजारपेठेतल्या झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात किंवा पोलादपूरच्या एखाद्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या केंद्रात चार जीबी रॅमचा जुना पीसी असतो. त्यावर ब्राउझरच्या दहा टॅब, एक पीडीएफ आणि मराठी टायपिंगचे सॉफ्टवेअर एकदम उघडले की तो अडकणारच. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा हार्ड डिस्कवर ठेवू लागते, आणि फिरती डिस्क रॅमच्या मानाने फारच संथ. पण पीसी सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागत असतील, तर दोष बहुधा डिस्कचा असतो. तिथे पहिला खर्च एसएसडीवर करावा.

नेमके काय कमी पडते, हे फुकट कळते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेले की एकूण रॅम, वापरातली रॅम, तिचा वेग आणि किती स्लॉट भरले आहेत ते दिसते. रोजचे काम चालू असताना वापर नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल, तरच रॅमचा विचार करावा. विंडोज ३२ बिटची असेल तर चार जीबीच्या पुढची रॅम तिला वापरता येत नाही. तिथे आधी विंडोज बदलावी लागते.

यानंतर पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅम एकमेकींच्या जागी बसत नाहीत, कारण प्रत्येकीची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेल्यास स्लॉटच मोडतो. लॅपटॉपच्या रॅमची पट्टी डेस्कटॉपच्या पट्टीपेक्षा बरीच आखूड असते. डीडीआर३ मध्ये आणखी एक मेख आहे: साधी पट्टी दीड व्होल्टची, तर ‘एल’ लिहिलेली १.३५ व्होल्टची, आणि काही लॅपटॉप फक्त ‘एल’च घेतात. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते. तिथे वाढवायची सोय नसते. वेगासाठी जादा पैसे मोजण्यातही अर्थ नाही. २४०० च्या जोडीला ३२०० ची पट्टी लावली, तर दोन्ही २४०० नेच चालतात.

खरेदीचे मोठे ठिकाण म्हणजे मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता आता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. बाजार मात्र जुनेच नाव ओळखतो. तिथे चार दुकाने फिरली की भावात फरक सापडतो. पण महाडहून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, पोलादपूर त्याहून पुढे. एका पट्टीसाठी एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस धरला, की वाचलेले पैसे तिथेच संपतात. पट्टी बसली नाही तर फेरी दुप्पट. ऑनलाइन भाव बरा दिसतो, पण त्यात परतीची अट आणि विक्रेता कोण हे वाचावे लागते. गावातला दुकानदार थोडे जास्त घेतो, पण जुनी पट्टी समोर काढून तशीच दुसरी लावून दाखवतो आणि चालली नाही तर बदलून देतो. एकच पट्टी घ्यायची असेल तर हाच सौदा स्वस्त. शाळेच्या संगणक कक्षासाठी वीस पट्ट्या हव्या असतील, तर मुंबईची फेरी परवडते.

भाव विचारताना गेल्या वर्षीचा आकडा डोक्यात ठेवू नये. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. २०२५ च्या उत्तरार्धात त्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला आणि साध्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली.

म्हणून सेकंड हँड पट्टीकडे ओढा वाढतो, आणि जुन्या डीडीआर३ पीसीसाठी ती शहाणपणाचीही ठरते. रॅममध्ये फिरणारा भाग नसल्याने ती सहसा झिजत नाही. महाडमध्ये मात्र एक गोष्ट पाहावी. जुलै २०२१ च्या पुरात सावित्री नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले होते. पट्टीच्या सोनेरी दातांवर हिरवट डाग किंवा चिपांच्या फटीत वाळलेला गाळ दिसला, तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. नुसता काळपटपणा असेल तर साध्या खोडरबरने दात पुसले की निघतो. पावसाळ्यात दमट हवेने पीसी नुसताच बीप करू लागला, तरी आधी हाच उपाय करून पाहावा. कित्येकदा नवी रॅम लागतच नाही.

पट्टी लावल्यावर विंडोजचे मेमरी डायग्नोस्टिक एकदा चालवावे. परतीची मुदत संपेपर्यंत बिल आणि पाकीट टाकू नये, आणि बिलावर पट्टीचा सिरियल नंबर लिहून घ्यावा.