वॉरंटी कार्ड म्हणजे कायदा नव्हे

मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास पोचतो. तेव्हा समता कॉलोनीतल्या एखाद्या घरात एसी किंवा फ्रिज बंद पडला, की म्हाताऱ्या माणसांपासून दुधाच्या पातेल्यापर्यंत सगळ्यांचीच पंचाईत होते. यंत्र तेरा-चौदा महिन्यांचं असेल तर दुकानातलं उत्तर ठरलेलं असतं : ‘वॉरंटी खतम, अब पैसा लगेगा.’ ऐकणारा मान डोलावतो आणि खिशात हात घालतो. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही. कंपनीने फुकट दुरुस्तीचं जे वचन दिलं होतं त्याची मुदत खरंच संपलेली असते. पण त्या वचनाच्या पलीकडे आपला काही हक्कच उरत नाही, हे दोघांनीही गृहीत धरलेलं असतं. घरगुती उपकरणांबद्दलच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ या एका गृहीतकात आहे.

वॉरंटी हा विक्रीच्या कराराचा एक भाग असतो, सगळा करार नव्हे. 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 16 नुसार, एखाद्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून माल घेतला तर तो विकण्यायोग्य दर्जाचा असला पाहिजे, ही अट बिलावर लिहिलेली नसली तरी करारात असतेच. वॉशिंग मशीन म्हणून विकलेली वस्तू माणसाला रास्त वाटेल इतका काळ कपडे धुऊ शकली पाहिजे, असा तिचा साधा अर्थ. त्याच कलमात पुढे म्हटलं आहे, की लेखी वॉरंटी दिल्यामुळे ही गृहीत अट रद्द होत नाही. दोन्ही एकमेकींशी विसंगत असतील तरच होते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 (त्याचा मोठा भाग 20 जुलै 2020 पासून लागू झाला) याच दिशेने जातो. त्यात ‘दोष’ या शब्दाची व्याख्या रुंद आहे : कायद्याने, उघड किंवा गृहीत कराराने, किंवा व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याने जो दर्जा अपेक्षित आहे, त्यात राहिलेली कोणतीही उणीव. या व्याख्येत वॉरंटीच्या महिन्यांचा उल्लेखही नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की मग कंपनीने मुदत छापायची तरी कशाला? मुदतीला अर्थ आहेच. वॉरंटीच्या काळात बिघाड का झाला हे ग्राहकाला सिद्ध करावं लागत नाही. तक्रार केली की दुरुस्ती मिळते. मुदत संपल्यावर ही सोय जाते आणि दोष मुळातच होता हे दाखवण्याचं ओझं ग्राहकावर येतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : माल विक्री कायद्याचं कलम 62 गृहीत अटी करारानेच वगळण्याची मुभा देतं आणि काही वॉरंटी कार्डांच्या बारीक अक्षरांत नेमकं तेच केलेलं असतं. 2019 च्या कायद्याने याला ‘अनुचित करारा’च्या तरतुदीतून उत्तर दिलं. मात्र अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. वीस हजारांच्या मशीनसाठी ही पायरी कोण चढणार? इथे आपला कायदा तोकडा पडतो, हे मान्य करायला हवं. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असं मानलं जातं, आणि तसं नव्हतं हे विक्रेत्याला सिद्ध करावं लागतं. युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान दोन वर्षांची कायदेशीर जबाबदारी आहे. आपल्याकडे अशी ठरीव वर्षं नाहीत. त्यामुळे ‘रास्त आयुष्य’ किती, हे प्रत्येक प्रकरणात किंमत, वापर आणि जाहिरातीतले दावे पाहून ठरतं. सर्वांत स्वस्त मिक्सरकडून दहा वर्षांची अपेक्षा टिकणार नाही. पण महागड्या एसीचा सर्किट बोर्ड दुसऱ्या उन्हाळ्यातच जळाला, तर विचारण्यासारखा प्रश्न नक्कीच आहे.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे : ग्राहक न्यायालयात गेलं की नवं यंत्र किंवा सगळे पैसे मिळतातच. आयोगाला दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, व्याजासह किंमत परत करण्याचा आणि भरपाईचा असे वेगवेगळे आदेश देता येतात. त्यांतला कोणता द्यायचा हे दोषाच्या स्वरूपावर ठरतं. 2006 साली मारुतीच्या एका कारच्या क्लचबद्दलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वॉरंटी सदोष भाग बदलण्यापुरती असेल तर त्या वॉरंटीच्या आधारे अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालं म्हणून नवा फ्रिज मागणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. तसंच 2019 च्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं एक स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते वस्तूमुळे माणसाला किंवा इतर मालमत्तेला इजा झाली तर कामाला येतं. गीझर फुटून कोणी भाजलं तर ते लागू होतं. गीझर नुसताच बंद पडला तर नाही.

तेव्हा निर्णायक गोष्ट उरते ती पुराव्याची, आणि बहुतेक लोक हरतात ते इथेच. कंपनीचा पहिला बचाव जवळपास नेहमी व्होल्टेजचा असतो. दुसरा खाऱ्या पाण्याचा, आणि तिसरा ‘बाहेरच्या मिस्त्रीने उघडलं’ हा. या बचावांत कधी कधी तथ्य असतं, म्हणून त्यांना रागाने नव्हे, कागदाने उत्तर द्यावं. एसीच्या खोक्यावर किंवा जाहिरातीत ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं म्हटलं असेल तर तो व्यापाऱ्याचा दावा आहे आणि दोषाच्या व्याख्येत मोजला जातो. तो फोटो जपून ठेवला तर व्होल्टेजचा बचाव बराच लंगडा होतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरचा माणूस प्रत्येक भेटीत जॉबशीट करतो, त्याची प्रत मागून घ्यावी, आणि त्यावर ‘मशीन बंद’ एवढंच न लिहिता बिघाडाचं कारण लिहायला लावावं. एकच भाग तीनदा बदलला गेला असेल तर त्या तीन जॉबशीट ग्राहकाच्या तोंडी तक्रारीपेक्षा कितीतरी जास्त बोलतात. बदललेला जुना भाग ताब्यात ठेवता आला तर उत्तमच. बाहेरच्या मिस्त्रीकडून दुरुस्ती करून घेणं बेकायदेशीर नाही. केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं ते याच विचाराने. पण भांडायचं ठरवलं असेल तर वाद मिटेपर्यंत यंत्र कोणाला उघडू देऊ नये, कारण उघडलेल्या यंत्रातला मूळ दोष शाबीत करणं अवघड होतं. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो आणि अहवालासाठी पंचेचाळीस दिवस देतो. मात्र त्या तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं. स्वस्त वस्तूंचे दावे इथे अडतात.

‘आमचा काही संबंध नाही, कंपनीशी बोला’ हे दुकानदाराचं वाक्य अर्धवट खरं आहे. पैसे त्याने घेतले, विक्रीचा करार त्याच्याशी झाला. त्यामुळे माल विकण्यायोग्य असण्याची जबाबदारी त्याला झटकता येत नाही. तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही प्रतिवादी करावं हा म्हणूनच शहाणपणाचा रिवाज. पण दोघांची चूक आपोआप एकमेकांच्या माथी जात नाही. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुन्या वर्षाची, आधीच चालवलेली कार नवी म्हणून दिली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं, की डीलरच्या त्या कृत्याची कंपनीला माहिती होती असं दिसत नसेल तर तिला जबाबदार धरता येणार नाही. दोष कारखान्यातला की दुकानातला, हे म्हणूनच तक्रारीत स्पष्ट मांडावं.

रायपूरच्या मराठी कुटुंबांना एक प्रश्न हमखास पडतो : खरेदी नागपूरची, कंपनीचं मुख्यालय मुंबईचं, मग भांडायचं कुठे? 2019 चा कायदा लागू होण्यापूर्वी हा प्रश्न खरोखर अवघड होता. आता त्याच्या कलम 34 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे समता कॉलोनीत राहणाऱ्याने नागपूरहून फ्रिज आणला किंवा मोबाइलवरून मागवला, तरी रायपूरचा जिल्हा आयोग त्याला खुला आहे. बिलावर छापलेल्या ‘सर्व वाद मुंबई न्यायक्षेत्रात’ या ओळीला घाबरून घरी बसू नये. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची मागणीही करता येते. पन्नास लाखांपर्यंत किंमत मोजलेली वस्तू जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. किंमत पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीचं शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही.

बाकीचे गैरसमज लवकर आटोपता येतील. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल न देणंही तसंच. बिल हरवलं तरी यूपीआयची नोंद आणि यंत्राचा अनुक्रमांक मदतीला येतात. फ्रिज लग्नात भेट मिळालेला असला तरी देणाऱ्याच्या संमतीने वापरणारी व्यक्ती ग्राहकच असते. घरातच टिफिनचा धंदा करून पोट भरणाऱ्या बाईचा फ्रिज ‘व्यावसायिक वापर’ म्हणून सरसकट बाद होत नाही. स्वयंरोजगाराला कायद्याने वेगळं काढलं आहे.

‘दहा वर्षं वॉरंटी’ या मोठ्या अक्षरांवर मात्र जरा थांबावं लागेल. सहसा ती फक्त कॉम्प्रेसर किंवा मोटरची असते. गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचा आकार वेगळा. जून 2022 च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टंकात असला पाहिजे, आणि त्याने मुख्य दावा फिरवता कामा नये. हिंदी जाहिरातीखाली मुंगीएवढ्या इंग्रजीत लिहिलेली तळटीप या कसोटीला उतरत नाही. बसवून घ्यायच्या उपकरणांची वॉरंटी खरेदीऐवजी बसवल्याच्या दिवसापासून मोजावी, असं केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्ये उत्पादकांना कळवलं आहे. पण ती सूचना आहे, कायदा नव्हे.

‘इतकं करून निकाल लागायला वर्षं जाणार’ हा शेवटचा आक्षेप. तो खोटा म्हणता येणार नाही. कायद्यात तीन महिन्यांची, तपासणी लागली तर पाच महिन्यांची मुदत आहे. ती नेहमी पाळली जात नाही. तरी दिरंगाईचं सगळं ओझं ग्राहकावर नाही. प्रतिवादीला उत्तर द्यायला तीस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात, त्यापुढे नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये ठरवलं. जिल्हा आयोगाच्या आदेशावर अपील करताना हरलेल्या कंपनीला निम्मी रक्कम आधी भरावी लागते. या तरतुदींमुळेच अनेक प्रकरणं नोटीस गेल्यावर मिटतात. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं. समता कॉलोनीशेजारच्या चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थेत महिन्यातून एक संध्याकाळ कोणी जाणकार तक्रारीचे कागद तपासायला बसला, तर रायपुरातल्या कितीतरी घरांचं काम सोपं होईल.

तोवर एवढं करा : थर्मल कागदावरचं बिल उडून जाण्याआधी त्याचा फोटो काढा आणि पहिली तक्रार लेखी करा. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जरूर बोला, पण ती समेटाची जागा आहे, न्यायालय नव्हे. तक्रार दाखल करण्याची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि हेल्पलाइनवरून मिळालेला तक्रार क्रमांक ती मोजणी थांबवत नाही.