यकृताच्या शिरेतील रक्तदाब : रुग्ण पुन्हा पुन्हा का येतो?

या अहवालाच्या जमाखर्चात 'दुर्बीण तपासणी, बँड व रक्तघटक' असे एक खर्चशीर्ष आहे. त्याखाली तोच रुग्ण तीन-चार वेळा का दिसावा, असा प्रश्न विश्वस्त व देणगीदार आम्हांस वारंवार विचारतात. नातेवाइकांचा प्रश्न निराळा असतो. "दंडाला पट्टा बांधून मोजले तेव्हा ब्लडप्रेशर नॉर्मल होते, मग हे कुठले ब्लडप्रेशर?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच विकारात आहे, म्हणून त्याची माहिती आमच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून समजून घेऊन येथे देत आहोत.

जठर, आतडी, स्वादुपिंड व प्लीहा (म्हणजे पांथरी) यांतून निघणारे रक्त थेट हृदयाकडे परतत नाही. ते 'पोर्टल व्हेन' नावाच्या एका जाड शिरेत गोळा होऊन आधी यकृतात जाते. यकृतास मिळणाऱ्या रक्ताचा सुमारे पाऊण हिस्सा याच वाटेने येतो. निरोगी यकृत मऊ असल्याने रक्त त्यातून विनासायास झिरपते. यकृतात शिरतानाचा व बाहेर पडतानाचा दाब यांत पाऱ्याच्या जेमतेम १ ते ५ मिलीमीटरचा फरक असतो. हा फरक १० वर गेला की धोक्याची सीमा लागते, आणि १२ च्या पुढे रक्तस्रावाचे भय उभे राहते. दंडावरील १२०-८० शी या आकड्यांचा संबंध नाही. तो दाब अगदी योग्य असताना हा वाढलेला असू शकतो.

मद्यपान, हेपॅटायटिस बी व सी, तसेच लठ्ठपणा व मधुमेहासोबत यकृतात साठणारी चरबी यांमुळे यकृतावर व्रण पडून ते कठीण होते. यालाच सिऱ्होसिस म्हणतात. मात्र आपल्या देशात यकृत कठीण न होताही हा विकार होणारे रुग्ण आढळतात, आणि लहान मुलांत पोर्टल शिरेतच गुठळी होऊन ती बंद झालेली दिसते. तेव्हा रुग्णाच्या पलंगापाशी 'दारूचे फळ' अशी कुजबुज करणाऱ्यांनी थोडे थांबावे, हे बरे.

धरणाचा विसर्ग अडला म्हणजे फुगवट्याचे पाणी मागे ओढ्या-नाल्यांत शिरते, तसे हे अडलेले रक्त आडवाटा शोधते. अन्ननलिकेच्या व जठराच्या बारीक शिरा त्यामुळे फुगतात, प्लीहा वाढते, रक्तातील प्लेटलेट कमी होतात. सिऱ्होसिस असल्यास पोटात पाणी साठून जलोदरही होतो. फुगलेल्या शिरा दुखत नाहीत. कित्येकदा पहिली खूण म्हणजे एकाएकी झालेली रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी शौच.

अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता, जेथे रक्तपेढी व दुर्बिणीची सोय आहे अशा रुग्णालयात जावे. तेथे दाब उतरवणारे औषध शिरेतून देतात, प्रतिजैविके सुरू करतात, आणि दुर्बिणीतून फुगलेल्या शिरेवर रबरी बँड बसवतात. मूळव्याधीवरील उपचारावरून सुचलेली ही पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकात विकसित झाली. तरीही रक्तस्राव झालेल्या शंभर रुग्णांपैकी पंधराच्या आसपास दीड महिन्यात दगावतात. एका बैठकीत सर्व शिरा मिटत नाहीत. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने बँड पुन्हा बसवावे लागतात. तोच रुग्ण हिशेबात अनेकदा दिसतो तो यामुळे. तो दिसतो हीच चांगली गोष्ट आहे. न दिसणाऱ्याची आम्हांस काळजी वाटते.

दुसरा उपाय गोळ्यांचा. प्रोप्रॅनोलॉलने पुन्हा होणारा रक्तस्राव घटतो, हे फ्रान्समधील डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास दाखवले. आता कार्व्हेडिलॉलही वापरतात. ही औषधे स्वस्त आहेत. परंतु ती हृदयाची व रक्तदाबाची म्हणून ओळखली जात असल्याने, 'प्रेशर तर नॉर्मल आहे' असे म्हणून घरातलेच कोणी ती बंद करते. ही गोळी दंडावरच्या रक्तदाबासाठी नसते! ती कमी करायची की थांबवायची, हे डॉक्टरांनीच ठरवावे. अंगदुखीची गोळीही दुकानातून परस्पर आणू नये. त्यातील अनेक गोळ्यांनी रक्तस्राव ओढवतो.

सिऱ्होसिसचे निदान होताच, रक्त पडण्याची वाट न पाहता, दुर्बीण तपासणी केव्हा करायची हे विचारून घ्यावे. हेपॅटायटिस सी वरील औषधे २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळतात, आणि हेपॅटायटिस बी ची पहिली लस बाळास जन्मापासून २४ तासांत द्यावयाची असते.

आता पैशाविषयी. एका रक्तस्रावावर होणाऱ्या खर्चात एका रुग्णाच्या गोळ्या कित्येक वर्षे भागतात, हे सांगण्यास हिशेबनीसच पुरे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालये आपल्या देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूस ठेवतात. तो निधी उपचाराच्या देयकासाठी असतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या बँडला न येणाऱ्या रुग्णाची अडचण पुष्कळदा देयकाची नसते. एस.टी.चे दोघांचे भाडे आणि बुडालेली दिवसाची मजुरी त्याला परवडत नाही. यासाठी देणग्यांतून फेरतपासणीचा प्रवासखर्च देण्याची तरतूद करावी, अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे.