नवे घडवावे की आहे ते सुधारावे : सुरगाण्याची पावरी आणि इलेक्ट्रिक गिटार

नाशिक जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, गुजरातच्या सीमेवर वसलेल्या सुरगाणा तालुक्यात आणि शेजारच्या डांगात कोकणा समाजाची पावरी मार्गशीर्षातील डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजते व तिच्या स्वरावर माऊल्या, म्हणजे त्या काळापुरते व्रत धरलेले भक्त, फेर धरून नाचतात. वाद्य आपल्या गरजेप्रमाणे मुळापासून घडवून घ्यावे की तयार वाद्यात फेरफार करावेत, हा वाद एरवी इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये रंगतो. परंतु पावरीला कारखान्याचा ठरलेला नमुनाच नसल्यामुळे, वाद्यातील काय बदलता येते आणि काय येत नाही, हे तिच्या घडणीत अधिक उघडपणे दिसते.

वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा हा पावरीचा हवेचा कोठा होय. त्याच्या एका टोकातून वादक फुंकतो आणि दुसऱ्या बाजूला मेणाने घट्ट बसवलेल्या नळ्यांच्या आतल्या टोकांशी जीभ असते. जीभ म्हणजे बारीक नळीलाच चीर देऊन तीन बाजूंनी मोकळी केलेली, हवेच्या झोताने थरथरणारी पट्टी. नळ्यांवर बोटांची छिद्रे असतात आणि बाहेरच्या टोकाला आवाज पसरवणारे शिंग जोडतात. मोरपिसांची सजावटही केली जाते, तिचा स्वराशी संबंध नाही. वादक गालांत साठवलेली हवा सोडत असतानाच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे स्वर तुटत नाही. गारुड्याची पुंगी आणि पालघरकडील तारपा ही याच कुळातील वाद्ये असून तारप्याचा कर्णा ताडाच्या पानांचा असतो.

या रचनेत दुरुस्तीला सर्वाधिक वाव मेण देते. जिभेच्या टोकावर मेणाचा बारीकसा कण ठेवला की तिचे वजन वाढून कंपनांचा वेग मंदावतो आणि स्वर उतरतो, तर कण खरवडला की तो चढतो. छिद्राची कड मेणाने थोडी झाकली असता त्या छिद्राचा स्वर खाली येतो. हे सर्व बदल परतवता येतात आणि जीभ फाटली तर दुसरी बसवता येते. याउलट नळीची लांबी व छिद्रांमधील अंतर एकदा ठरले की ठरले, कारण छिद्र मोठे करणे सोपे असले तरी ते सरकवता येत नाही, आणि भोपळ्याचा आकार तर वेलीवरच ठरलेला असतो. म्हणूनच पावरीला कीबोर्डच्या ठराविक पट्टीत साथ करायला लावायची असेल, तर मेणाने फार तर किंचित सावरता येईल. स्वरांमधली अंतरेच जुळत नसतील तर नळ्या नव्याने कापून टोचणे भाग आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या इतिहासात फेरफाराची वाट कारखान्यानेच मोकळी करून दिली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लिओ फेंडर यांनी 1950 च्या सुमारास बाजारात आणलेल्या आणि पुढे टेलिकास्टर म्हणून ओळखल्या गेलेल्या गिटारची नेक, म्हणजे पडदे बसवलेली लांब मान, चिकटवलेली नसून स्क्रूने जोडलेली होती. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरमध्येही हीच पद्धत राहिली, त्यामुळे सुट्या भागांचा व्यापार शक्य झाला. तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या पिकअपच्या बाबतीत 1970 च्या दशकात डिमार्झिओ आणि सिमोर डंकन यांनी बदली पिकअप विकायला सुरुवात केल्यावर आवाज बदलण्यासाठी गिटार बदलण्याची गरज उरली नाही. गिब्सनने 1952 मध्ये आणलेल्या लेस पॉलची नेक मात्र चिकटवलेली असते. तिच्या तारांची कंप पावणारी लांबी सुमारे 628 मिलिमीटर, तर स्ट्रॅटोकास्टरची 648 मिलिमीटर. बोटांखालची पडद्यांमधली अंतरे या लांबीवरच ठरतात आणि तारांची जाडी व स्वर तेच असतील तर त्यांचा ताणही. लेस पॉलवर स्ट्रॅटोकास्टरचा ताण हवा असणाऱ्याने कितीही पिकअप बदलले तरी पैसे वाया जाण्यापलीकडे काही होणार नाही.

दोन्ही वाटांची थोर उदाहरणे आहेत. क्वीन या बँडचे ब्रायन मे यांनी वडिलांच्या मदतीने 1963 पासून घरीच गिटार बनवली, तिच्या नेकसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले आणि तीच गिटार ते पुढे अनेक दशके वाजवत राहिले. तर एडी व्हॅन हॅलन यांनी सुटे भाग जोडून व गिब्सनचा पिकअप बसवून आपली प्रसिद्ध गिटार तयार केली. भारतात विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हे फेरफाराचे ठळक उदाहरण होय, कारण त्यांनी पोकळ अंगाच्या पाश्चात्त्य गिटारला तरफेच्या, म्हणजे स्वतः न छेडता अनुनादाने वाजणाऱ्या, तारा जोडल्या. महाराष्ट्रातील वराती गाजवणारा बँजोही मुळात जपानी ताइशोगोतोच्या वंशातले बुलबुलतरंग असून त्याला पिकअप लावूनच तो भोंग्यांपर्यंत पोहोचला.

पैशाचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखा नाही. मापाने बनवून घेतलेली गिटार विकताना सहसा घातलेला खर्च परत देत नाही, कारण ती दुसऱ्याच्या हाताला बसेलच असे नसते. फेरफार केलेल्या गिटारचे मूळ सुटे भाग जपून ठेवले, तर ती पूर्ववत करता येते. पावरीत भोपळा, बांबू, शिंग आणि मेण परिसरातच मिळते, आणि तिथे खरा खर्च घडवणाऱ्याच्या हाताचा व कानाचा आहे.

त्यामुळे निवाडा पैशावर न ठेवता दोष कोठे आहे यावर ठेवावा. पिकअप, खुंट्या, जीभ किंवा मेण यांत दोष असेल तर नवे वाद्य घेणे ही उधळपट्टी आहे. तारेची लांबी, नेकचा कोन, नळी किंवा छिद्रांचे अंतर चुकले असेल तर मात्र दुरुस्तीवर वर्षे न घालवता घडवणाऱ्याकडे जावे, आणि तो आपल्या तालुक्यात अजून असेल तर आधी त्याच्याकडे जावे.